उलट्या हाताचे गावंडे सर

गावंडे सरांचा चेहरा मला आता नीट आठवत नाही. मी चित्रकलेचा शिक्षक, त्यामुळे हे सांगायला जरा अवघड वाटतं. नाक बसकं होतं, केस तेल लावून मागे वळवलेले असत, एवढं सांगता येईल. त्यांचा हात मात्र अजून डोळ्यांपुढे आहे, आणि तोही मागच्या बाजूने. कारण सर कुठल्याही लोखंडी वस्तूला कधी सरळ हात लावत नसत. शाळेचं फाटक असो, स्टाफरूममधलं कपाट असो की एखाद्याच्या घरचा फ्रिज, आधी बोटांची पाठ हळूच टेकवायची, थोडं थांबायचं, मग मान हलवायची आणि त्यानंतर वस्तू धरायची. अकोल्याला आमच्या शाळेत नवीन आलेल्या माणसाला वाटायचं, सरांना सोवळ्याओवळ्याचा काही त्रास आहे.

मलाही तसंच वाटलं होतं. मी एकदा विचारलं तेव्हा त्यांनी माझाच हात धरून टेबलावर पालथा घातला.

"तळहातानं धरलं आन् त्यात करंट असला, त् मूठ आपोआप बंद होते. मंग तुमी सोडतो म्हनलं तरी हात सोडत नाही. उलटा हात लावला त् झटक्यानं मांगं येते. समजलं का, चित्रकार?"

वर्गात सर पुस्तकी मराठी बोलत. उंबरठा ओलांडला की वऱ्हाडी सुरू. ते इतिहास शिकवायचे, आणि बरा शिकवायचे. शर्टाच्या खिशात दोन पेनांच्या मधोमध एक टेस्टर कायम खोचलेला असे. टेस्टर म्हणजे तो पेचकसासारखा, आत बारीक दिवा असलेला, विजेच्या वस्तूला लावला की पेटणारा. हजेरी घेताना कधीकधी सर चुकून पेनाऐवजी तोच काढत आणि कागदावर टेकवून शाई का उतरत नाही म्हणून झटकत बसत. पोरं त्यांना टेस्टर सर म्हणायची. सरांना ते ठाऊक होतं आणि त्यांना त्याचं काही वाईट वाटत नसे.

विजेबद्दल सरांना सगळं कळत होतं असं मुळीच नाही. वॅट आणि व्होल्ट यांत ते शेवटपर्यंत गोंधळत. आमच्या कॉलनीत वायरिंगची कामं करणारे हमीदभाई त्यांना तोंडावर सांगत, "सर, इस टेस्टर का इतना मत सुनो. हा त् नुसत्या भासालेही पेटते." सर म्हणायचे, "पेटू द्या. न पेटन्यापेक्षा बरं." दोघांचं हे भांडण मी किती वेळा ऐकलं असेल, मोजदाद नाही. एकमेकांशिवाय दोघांचंही चालत नसे.

सरांचा जीव ज्या एका गोष्टीत अडकला होता ती म्हणजे अर्थिंग. घरातल्या लोखंडी वस्तूत चुकून वीज उतरली, तर तिला जमिनीत जायला आपल्या अंगापेक्षा सोपी वाट करून ठेवायची, यापलीकडे अर्थिंग म्हणजे काही नाही. ती वाट सोपी असली की वीज इतक्या जोरात तिकडे धावते की फ्यूज जळतो आणि पुरवठा बंद पडतो. माणूस वाचतो. हे सर पानाच्या टपरीवर सांगत, लग्नाच्या पंगतीत सांगत, मयतीहून परत येताना सांगत. लोक हो हो म्हणत आणि घरी जाऊन पुन्हा तेच करत.

तेच म्हणजे काय, हे आमच्याकडचा उन्हाळा पाहिलेल्याला वेगळं सांगायला नको. अकोला-अमरावतीकडे चैत्र लागला की घरोघरी कूलर निघतात. लोखंडी पत्र्याचं खोकं, तिन्ही बाजूंना गवताच्या जाळ्या, आत पंखा आणि पाण्याची छोटी मोटर. म्हणजे लोखंड, वीज आणि पाणी एकाच खोक्यात, वर ओल्या हातांनी बादली ओतणारी घरातली बाई. कूलरला तीन पिनांचा प्लग येतो. बोर्डाला भोकं दोनच असतात. मग वरची जाड पिन पकडीने तोडून टाकायची. ही रीत आमच्याकडे इतकी रुळलेली की पिन तोडायला कुणी मिस्त्रीही बोलावत नाही. तीच पिन अर्थिंगची.

सर अशा घरात शिरले की यजमानाचा चहा कडू व्हायचा.

"पिन कावून तोडली?"

"बसत नव्हती, सर."

"मंग बोर्ड बदलाचा. पाय जोड्यात बसत नसन त् अंगठा तोडता का?"

यजमान हसून म्हणायचा, "काही नाही होत सर, थोडं थोडं मारते." हे वाक्य आमच्या भागात हवामानाबद्दल बोलावं तितक्या सहज बोललं जातं. सरांना ते ऐकवत नसे. "थोडं म्हंजे किती? कूलरले कोनं सांगतलं का थोडंच मार?" असं म्हणून ते उठत. चहा अर्धा राहायचा. लोक त्यांना चक्रम म्हणत. थोडंसं मीही म्हणत होतो.

या चक्रमपणाच्या मागे काय होतं ते त्यांनी मला एकदाच सांगितलं. शाळेच्या सहलीत, बसच्या मागच्या बाकावर. त्यांच्या घरात वरच्या खोलीत पूर्वी एक भाडेकरू कुटुंब राहायचं. त्यातल्या वहिनी एकदोनदा जिना उतरताना म्हणाल्या होत्या, सर, कूलर जरा झिनझिन करते. सर तेव्हा पेपर वाचत होते. पेपरातून डोकं न काढता म्हणाले, "चप्पल घालत जा." एका दुपारी वरून बादली पडल्याचा आवाज आला. सर वर धावले. मेन स्विच त्यांनीच पाडला. वहिनींच्या पायात चप्पल होती. ओली.

"हात कूलरच्या कडेवर होता," सर म्हणाले. "मूठ उघडाले दोघं लागलो आमी." एवढं बोलून ते खिडकीबाहेर बघत राहिले. पोरं पुढे गाणी म्हणत होती. त्या दुपारनंतर सरांच्या समोर चप्पल घाला असं कुणी म्हणालं, तर ते त्या माणसाशी पुढे बोलतच नसत.

वहिनी गेल्यावर त्यांनी स्वतःच्या घराला अर्थिंग करून घेतलं. मोठ्या उत्साहाने केलं आणि चुकीचं केलं. कुणीतरी सांगितलं की नळाची लोखंडी पाइप जमिनीखालून दूरवर जाते, तिलाच हिरवी वायर बांधली की झालं. सरांनी ती बांधली, वर पितळी पट्टी आवळली, आणि पुढची काही वर्षं गल्लीतल्या प्रत्येकाला ती अंगणात नेऊन दाखवली. मला दोनदा दाखवली. मग एका हिवाळ्यात नळयोजनेची माणसं आली, त्यांनी गल्ली खणली, गंजलेली लोखंडी पाइप उपसून कडेला टाकली आणि काळी प्लॅस्टिकची घातली. सरांच्या कुंपणापाशी लोखंडी पाइपचा हातभर तुकडा तेवढा उरला, सरांच्या हिरव्या वायरीसकट. तो कशालाच जोडलेला नव्हता.

सर कुंपणाशी उभे राहून त्या तुकड्याकडे बराच वेळ बघत होते. दुसरा एखादा असता तर त्याने गुपचूप वायर काढली असती. सर मात्र इस्त्रीचा शर्ट घालून निघाले आणि ज्याला ज्याला पाइपचा सल्ला दिला होता त्याच्या दारात जाऊन म्हणाले, "मी चुकीचं सांगतलं होतं. पाइपवर भरोसा ठेवू नका." यातली गंमत अशी की बहुतेकांनी त्यांचं मुळात ऐकलंच नव्हतं. वायरच बांधली नव्हती, तर सोडणार काय? सर माफी मागायचे आणि समोरचा गोंधळून त्यांना पाणी द्यायचा. परत आल्यावर काकू, म्हणजे सरांची बायको, मला म्हणाल्या, "अख्ख्या कॉलनीत एकच घर याहिचं ऐकनारं, आन् ते याहिचंच."

मग हमीदभाईंनी अंगणात पुरुषभर खड्डा खणला. तळाशी पत्रा, त्यावर कोळसा आणि मिठाचे थर, आणि वर पाणी ओतायला एक नळकांडं. आमची काळी माती पावसात लोण्यासारखी असते आणि उन्हाळ्यात तिला भेगा पडतात. भेग पडली की माती पत्र्याला सोडते आणि अर्थिंग नावापुरतं उरतं. म्हणजे कूलर चालतात नेमके तेव्हाच. म्हणून खड्ड्याला उन्हाळाभर पाणी पाजायचं. अकोल्यात नळाचं पाणी काही रोज येत नाही. ज्या दिवशी येई, त्या दिवशी बायका पिंप भरत आणि सर त्यातली एक बादली मातीत ओतत. काकूंना ते दिसे, पण त्या अडवत नसत. वरच्या खोलीतल्या वहिनी त्यांच्याही ओळखीच्या होत्या.

सरांना एकुलती मुलगी, वर्षा. तिच्यासाठी दर्यापूरचं स्थळ आलं. मुलगा अमोल, चांगला शिकलेला, घरची शेती. वडील मोहोड पाटील, गावात वजन असलेला माणूस. घर बघायला जायचं ठरलं, तेव्हा काकूंनी निघताना सरांच्या खिशातून टेस्टर काढून घेतला आणि देव्हाऱ्यामागे ठेवला. "पोरीचं स्थळ पाहाले चाललो. फ्रिज पाहाले नाही." मीही त्या बैठकीला होतो. थंडीचे दिवस होते, कूलर माळ्यावर होते. सरांनी जाता येता फ्रिजला उलटा हात लावलाच. फ्रिज ठीक होता. लग्न ठरलं आणि झालं.

पहिल्या उन्हाळ्यात वर्षाचा फोन आला. सर फोन नेहमी मोठ्या आवाजावर ठेवत, त्यामुळे ओसरीत बसलेल्या मलाही ऐकू आलं. इकडचं तिकडचं बोलून झाल्यावर ती म्हणाली, "बाबा, इथला कूलर जरा झिनझिन करते. पन तुमी काळजी नका करू. मी चप्पल घालूनच पानी टाकतो."

सरांनी फोन बंद केला आणि तो हातातच धरून बसले. मी त्यांच्याकडे पाहायचं टाळलं.

आता इथे खरी अडचण होती. गल्लीत कुणाच्याही घरात घुसून अर्धा चहा टाकून येणारा हा माणूस मुलीच्या सासरी मात्र पाहुणा होता, आणि तोही मुलीकडचा. आमच्याकडे मुलीच्या बापाने सासरघरी जेवण चांगलं झालं म्हणायचं आणि निघायचं. घरातलं काही खटकलं तरी ते पोटात ठेवायचं. नाहीतर बाप निघून जातो आणि ऐकून मुलीला घ्यावं लागतं. सर तरीही गेले. काहीतरी निमित्त काढून दर्यापूरला गेले आणि परत आले ते उतरलेल्या तोंडाने.

झालं असं की कूलर पाहून त्यांचा हात खिशात गेला. टेस्टर लख्ख पेटला. सरांनी जमेल तितक्या गोडीने विषय काढला. मोहोड पाटील आधी हसले. "सर, कूलर म्हटलं का थोडं मारनारच. आमचा कूलर जुना हाय, हात लावनारे सारे घरचेच. अजून कोनी मेलं नाही." सरांनी खड्ड्याचं सांगितलं. पाटलांचा आवाज बदलला. "अंगनात खड्डा? पोरगी दिली, आता घराची परीक्षा घ्याले आले का?" वर्षा दारात उभी होती. तिने बापाला डोळ्यांनीच गप्प राहायला सांगितलं.

"तिनं मले डोयानं चूप केलं हो," सर मला म्हणाले. "माह्याच पोरीनं."

काकू आतून म्हणाल्या, "बराबर केलं. आता तुमी तिकडं काई बोलू नका. तिले तिथं राहाचं हाय."

"राहाचंच हाय म्हनून त् बोलून राहिलो," सर म्हणाले.

त्या महिन्यात सरांनी खाणं कमी केलं. दुपारी ते फोनकडे बघत बसत. दुपारी चारच्या सुमारास कूलरचं पाणी संपतं आणि घरात ज्या सुनेची पाळी असेल ती बादली घेऊन उठते, हे त्यांना पाठ होतं. साडेचारला वर्षाला एखादा मेसेज टाकत, 'जेवली का' असा. दुपारी साडेचारला. ती बिचारी 'हो बाबा' म्हणायची. मला त्यांची कीव यायची.

त्या वर्षी अधिक महिना ऐन उन्हात आला, ज्येष्ठात. अधिक महिना म्हणजे धोंड्याचा. जावयाला बोलवायचं, पुरणाचे धोंडे करून वाढायचे, ताटात अनारसे आणि दिवा ठेवून वाण द्यायचं. लग्नानंतरचा पहिलाच असला तर त्याचं कौतुक जास्त. काकूंनी पाटलांच्या घरच्या सगळ्यांना अकोल्याला बोलावलं. जेवणाच्या आधी अमोलला पाटावर बसवलं, समोर वाणाचं ताट मांडलं. ताटाखाली पाट नव्हता. चौकोनी, जाड, दोन हातांनी उचलावा लागेल असा तांब्याचा पत्रा होता, चिंचेने घासून लाल केलेला. हमीदभाई आणि सर तो आदल्या दिवशी बाजारातून घेऊन आले होते.

"हे काय आनलं?" पाटलांनी विचारलं.

सर उभे राहिले. त्यांनी वर्गात बोलायचा आवाज काढला, ते पुस्तकी मराठी, आणि म्हणाले, "अधिक मासात तांब्याचं दान जमिनीला देतात. हे वाण जावयाच्या अंगणात पुरायचं असतं आणि त्याच्यावर रोज पाणी घालायचं असतं. सौभाग्याचं असतं ते."

मी काकूंकडे पाहिलं. त्यांच्या हातातली तुपाची वाटी तशीच राहिली होती. अशी कुठलीही रीत नव्हती. सरांनी ती बहुधा त्याच सकाळी पत्रा घासताना तयार केली होती. एक तारीख चुकली तर पुढच्या तासाला येऊन फळ्यावर दुरुस्त करणारा हा माणूस सगळ्यांसमोर शांतपणे थाप मारत होता.

पाटलांच्या लगेच लक्षात आलं. इतका जाड तांब्याचा पत्रा कशाला असतो ते त्यांना कळत होतं. "सर, हे तुमचं तेच—"

पण पाटलीणबाईंनी त्यांना पुढे बोलू दिलं नाही. साध्या, देवभोळ्या बाई. त्यांनी पत्र्याला पदराचं टोक लावून कपाळाला लावलं होतं. "वाण नाकारत असते का कोनी? पोराच्या पयल्या धोंड्याचं वाण हाय ते. सर, कुठं पुराचं ते तुमीच सांगा. कोन्त्या दिशेले?"

सर क्षणभर अडखळले. "मीटरपाशी," ते म्हणाले.

अमोल खाली मान घालून हसत होता. तो शिकलेला होता. पण त्यानेही थाप उघडी पाडली नाही, आणि मला वाटतं त्या दिवसापासून सरांनी त्याला खऱ्या अर्थाने जावई मानलं.

चार दिवसांनी हमीदभाई आणि सर दर्यापूरला जाऊन खड्डा करून आले. दर्यापूर खारपाणपट्ट्यात येतं. तिथल्या बोअरचं पाणी इतकं खारट की त्याचा चहा होत नाही आणि त्यात डाळ शिजत नाही. साधं लोखंड त्या मातीत लवकर खाल्लं जातं, म्हणून तांबं. आणि अर्थिंगला खारं पाणी उत्तमच. जे पाणी कुणी तोंडात घेत नाही तेच खड्ड्याला घालायचं, यावर पाटलीणबाई खूश झाल्या. बोर्ड बदलले, कूलरला तीन पिनांचा नवा प्लग लागला. शेवटी हमीदभाईंनी एक बल्ब घेतला, त्याची एक वायर बोर्डातल्या विजेला आणि दुसरी खड्ड्यातून आलेल्या तारेला लावली. बल्ब झगझगीत पेटला. पाटील ओसरीवरून बघत होते. हमीदभाई म्हणाले, "देखो पाटील, माती पकडली." पाटील आत गेले. पाटलीणबाईंनी नळकांड्याला हळदकुंकू लावलं.

दुसऱ्या दिवसापासून त्या स्वतः आंघोळ करून खड्ड्यात तांब्याभर खारं पाणी घालू लागल्या. दुपारी वर्षा बादलीभर घालायची. सासूचा नेमच असल्यावर सुनेला कोण अडवणार?

"मी थाप मारली," सर मला म्हणाले. ते खूश असतील असं मला वाटलं होतं, पण ते नव्हते. "इतिहासाचा मास्तर हाय मी. बाईनं हयदकुकू लावलं, तवा तिकडं पाहवलं नाही मले."

"मग सांगून टाका ना आता."

"सांगन. पावसाया लागला का सांगन. उन्हायात नाही."

पाऊस यायला अजून अवकाश होता. आभाळ भरून यायचं आणि कोरडंच जायचं. एका संध्याकाळी मी त्यांच्याकडे बसलो होतो आणि फोन वाजला. मोहोड पाटील. आवाज इतका चढलेला की सरांनी फोन कानापासून लांब धरला.

"सर, तुमचं वाण काढून न्या बापा! दोन घंट्यापासून घरात लाइट टिकत नाही. फ्यूज लावला का उडते, लावला का उडते. आमचा जुना कूलर कवा बंद नाही पडला. तुमचा खड्डा आला आन् सारं बिघडलं. मानसं गर्मीनं मरून राहिले इथं."

सर एकदम ताठ बसले. "कूलर चालू करतानी उडते का?"

"त्याच्यानंच! कूलरची पिन काढली त् राहाते. लावली का फट्‌कन!"

"पयल्यांदा उडला तवा... कूलरपाशी कोन होतं?"

"कोन असन? सून होती. पानी टाकून राहिली होती, तेवढ्यात लाइट गेली."

पलीकडून पाटील हॅलो हॅलो करत होते. काकू स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभ्या राहिल्या होत्या. सरांचा हात फोनसकट मांडीवर आला. कूलरच्या मोटरची तार आत जळून पत्र्याला टेकली होती, हे सगळं नंतर कळलं. पण सरांना ते त्याच क्षणी कळलं होतं.

त्यांनी फोन पुन्हा कानाला लावला. "पाटील," ते म्हणाले, "जरा वर्षाले द्या."

"बाबा?" तिचा आवाज अगदी रोजचा होता. जरा वैतागलेला. "तुमी नका ना टेन्शन घेऊ. इथल्या बाबांले गरम होऊन राहिलं म्हनून ते चिडले."

"बादली कुठं हाय?"

"काय?"

"बादली, बादली. सांडली का?"

"नाही बाबा. हातातच होती. काई झालं नाही. नुसता फ्यूज उडाला."

"बरं," सर म्हणाले. "बरं, बरं." आणि मग ते रडले. मोठ्याने, लहान पोरासारखे, फोन चालू असतानाच. काकूंनी त्यांच्या हातातून फोन घेतला आणि सकाळी येतो म्हणून ठेवून दिला.

दुसऱ्या दिवशी मला अमरावतीला घरी जायचंच होतं. दर्यापूरवरून जाऊ म्हणून मी सर आणि हमीदभाईंबरोबर निघालो. मूर्तिजापूरला उतरून जीप धरली. पाटील दारातच उभे होते. रात्रभर गरम झालेला माणूस, तोंड सुजलेलं. हमीदभाईंनी कूलरची मोटर उघडली, जळकी तार पाटलांसमोर धरली आणि ती पत्र्याला कुठे टेकली होती ते दाखवलं. "पाटील, ये खड्डा नसता, त् ही वीज पत्र्यात थांबून राहिली असती. आन् बिटियाने हात लगाया असता."

पाटलांनी ती तार हातात घेतली. उलटसुलट करून बघितली. मग सुनेकडे बघितलं. ती सगळ्यांसाठी पाणी घेऊन येत होती. "सर," ते एवढंच म्हणाले, "बसा." आणि स्वतः जाऊन बोअरची बादली भरून खड्ड्यापाशी आणली. पाटलीणबाई मध्येच म्हणाल्या, "माह्यं झालं ना सकायीच." तरी त्यांनी ओतली.

सरांनी मग पाटलीणबाईंसमोर हात जोडले. पाऊस काही लागला नव्हता, तरी. "बाई, एक सांगाचं हाय. ती वाणाची रीत मी मनानंच सांगतली होती. शास्त्रात नाही."

पाटलीणबाईंनी त्यांच्याकडे असं पाहिलं की जणू ते काहीतरी पोरकट बोलत आहेत. "मले माईत होतं," त्या म्हणाल्या. "मीटरपाशी दिशा असते का कुठं? सून गेली असती त् मंग शास्त्र काय चाटाचं होतं?"

दुपारपर्यंत नवी मोटर बसली. माझी अमरावतीची बस होती, म्हणून मी निघालो. त्याच उन्हाळ्यात माझी नोकरी संपली होती, त्यामुळे मी अमरावतीहून अकोल्याला परतलोच नाही. सर गेले ते मला काकूंच्या फोनवरून कळलं, झोपेतच गेले म्हणाल्या. त्या दिवसानंतर आमची भेट झाली नव्हती. त्यामुळे मला शेवटचे दिसलेले सर म्हणजे त्या दुपारचे.

मी अंगणातून वळून पाहिलं. वर्षाने कूलरचं बटन दाबलं होतं. पाणी जाळ्यांवर पडायला लागलं होतं. सर कूलरसमोर उभे होते. त्यांचा हात सवयीने खिशाकडे गेला, टेस्टरला लागला आणि तिथेच थांबला. मग त्यांनी तो हात काढला, सरळ केला आणि कूलरच्या ओल्या पत्र्यावर पूर्ण तळहात टेकवला. मी त्यांचा तळहात तेव्हा पहिल्यांदा पाहिला. मी फाटकाबाहेर पडलो तरी त्यांनी तो उचलला नव्हता.